फटफटीची विजार

"पुन्हा इचारलंस त कानाखाली काढीन! व्हय, म्याच लावलं वंगण. फटफटी माझी, वंगण माझं. तू कोन रं इचारनारा, मामलेदार?"

दाजी बाजेवरनं वरडायले हुते. दाजी म्हंजे माझ्या थोरल्या भैनीचा, मथुराआक्काचा नवरा, बब्रुवान. शाळा सोडल्यापास्नं म्या त्येंच्याकडंच ऱ्हातो, तामलवाडीला. फटफटीच्या म्होरल्या चाकापशी म्या मातीत बसलो हुतो आन् माझं बोट काळंकुट्ट झालं हुतं.

"दाजी, ही काय बैलगाडी हाय का आखाला वंगण वतायला? बघा! हितं बघा!" म्या बोट त्येंच्या नाकाला लावलंच. "ह्ये वंगण न्हाय आता. ह्यात माती हाय, वाळू हाय. घासून बघा, कानस हाय कानस!"

"बोट मागं घे."

"आधी बघा."

"मागं घे म्हनलं ना!"

त्येंनी काठी उचलली. म्या बी उठलो. मला राग आला की कानातनं कायतरी गरम वाहातं, मग म्होरं दाजी हाय का मास्तर हाय ते दिसत न्हाय. तेवढ्यात पिठाचे हात तसेच घेऊन आक्का भाईर आली.

"मारा. मारा येकमेकाला. दोघं बी पडलाव की म्या फटफटी आजच इकते."

दाजी परत बाजेवर टेकले.

दाजीचं काय चुकलं ते सांगतो. मानूस गाडीवान. बापापास्नं धंदा त्योच, सोलापूरच्या रस्त्यानं कडबा न्ह्यायचा, धोंडे आनायचे. गाडीवानाला येकच अवषीद म्हाईत, वंगण. गाडीखाली एरंडेलाचं नळकांडं टांगल्यालं आस्तं. आख कुरकुरला, वत. चाक जड झालं, वत. दाराची बिजागरी वाजली तरी दाजी नळकांडं घेऊन पळत्यात. आक्का म्हनती, "माझी मान आखडली म्हनलं तरी ह्ये त्येच आनतील."

आशा मानसानं मिलिट्रीच्या लिलावातली फटफटी घेतली. बैलानं गुडघ्यावर लाथ मारल्यापास्नं दाजीला किक मारता येत न्हाय, म्हनून चालवतो म्या. ह्या फटफटीच्या म्होरल्या चाकाला दोन बाजूला दोन नळ्या हायेत. नळीत दांडा सरकतो, आत स्प्रिंग आन् तेल. चाक खड्ड्यात गेलं तर दांडा आत जातो आन् दनका तिथंच मरतो, हातापोत्तर येत न्हाय. त्येला शॉकप म्हनत्यात. नळीच्या तोंडाशी रबराचं वायसर आस्तं, त्ये तेल भाईर येऊ देत न्हाय. झालं, येवढंच हाय. पन त्या दांड्यावर वंगण फासलं की माळावरची धूळ त्येला चिकटती. दांडा वर-खाली झाला की ती चिकटल्याली वाळू वायसर कापती, दांड्याला बी चरे पाडती. तेल गळून जातं. मग खड्डा आला की फटफटी मेंढ्यागत टक्कर मारती आन् हात कोपरापोत्तर मरत्यात.

दोन बाऱ्या तसंच झालं. दोन्ही बाऱ्या वायसर सोलापूरवरनं आनावं लागलं. दुसऱ्या बारीला दांडा बी घासून घ्यावा लागला, त्यात आक्काची शेळी गेली. दुभती शेळी. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या हणमंतप्पा शेटला सांगावा धाडला.

हणमंतप्पा शेट म्हंजे वाईट मानूस न्हवं. पन त्येला फटफटी नको हुती, इंजन पायजे हुतं. बाजारात उसाच्या रसाचा घाना हाय त्येचा. बैल काढून इंजन लावायचं म्हनत हुता. म्हंजे बाकीची फटफटी भंगारात. आन् आक्कानं त्येला शबूद दिला हुता, "यात्रंत फटफट्यांची शर्यत हाय, त्या दिवशी या. शर्यत झाली की म्या सोता शॉकप बघीन. तेल गळायलं आसंल तर तिथनंच घेऊन जावा. न्हाय गळालं तर न्हाय."

दाजी तिच्या पाया पडायचे बाकी ऱ्हायले हुते. आक्का म्हनली, "मला तुमच्या नंबराचं काय सांगू नगा. पयला या न्हायतर शेवटचा या. माझ्या घरातनं त्या नळीला आता येक दाना बी जायचा न्हाय."

माझं काय? दाजीला मिरवायला पायजे हुती फटफटी. मला ती का पायजे हुती ते धड सांगता येत न्हाय. शाळंत बसलो की पायाला मुंग्या. औताच्या मागं चाललो की डोस्क्यात मुंग्या. फटफटीवर बसलो की मुंग्या बंद. ती गेली आस्ती तर म्या बी कुठंतरी गेलो आस्तो आन् कुनाला घावलो नस्तो, येवढं खरं.

तर त्या दिवशी भांडान झाल्यावर म्या दोन्ही दांडे घासलेटानं धुतले. कोरड्या फडक्यानं पुसले. नळकांडं उचलून गोठ्याच्या आढ्यावर ठिवलं, जिथं दाजीचा हात पोचत न्हाय.

आढ्यावर चढलो म्हनूनच मला त्या दिसल्या. दाजीच्या बापाच्या मोटा. आमची इहीर दुमोटी, दोन मोटा येका टायमाला चालायच्या. आता इहिरीवर पंप बसला. मोटा आढ्याला टांगल्याल्या, कातडं वाळून लाकूड झाल्यालं. मोटंला खाली सोंड आस्ती, लांब नळीगत, पानी त्यातनं थारोळ्यात पडतं. म्या त्या सोंडंत हात घातला कोपरापोत्तर. हात पार झाकला.

म्या वरनंच वरडलो, "आक्का! शॉकपला सोंड घालायची!"

"खाली उतर आधी. ऊन लागलंय तुला."

उतरून समजावलं. दांडा उघडा ऱ्हातो म्हनून धूळ बसती. दांड्यावरनं कातड्याची नळी चढवली, वर-खाली बांधली, की धूळ जायला जागाच न्हाय. सोलापूरच्या पोरांच्या गाडीला रबराचं आस्तं तसं. त्ये नगद पैसं मोजून आनत्यात, आपल्या आढ्याला फुकाट लोंबायलंय.

दाजी ऐकत हुते. त्येंचं त्वांड उतरलं. "माझ्या बाच्या मोटंची सोंड कापतो? त्या मोटंवर आमी जगलाव. दर आखितीला बा तिला हळद-कुकू लावायचा."

आक्का म्हनली, "मामंजींनी हळद-कुकू लावलं, तुमी कोळ्याची जाळी लावली. काप रं, कोंड्या."

दाजी उठून भाईर गेले. मग लांबनं म्हनले, "बारकं त्वांड हाय तिकडनं काप. वरचं ऱ्हाऊ दे." तेवढं म्या ऐकलं त्येंचं.

कातडं दोन दिवस करंजाच्या तेलात भिजवलं. मग पोती शिवायचं दाभन आन् सुतळी घेऊन बसलो. हाताची चाळन झाली. पन झ्याक शिवलं, दांड्याला आंगाबरोबर, घट्ट, सुरकुती न्हाय. दाजीला म्हनलं, बघा. दाजी म्हनले, "हुं." त्येंच्याकडनं तेवढं मिळालं म्हंजे लई.

किक मारली, बांधावरनं उडी घेतली. फाटकन आवाज. दोन्ही सोंडा मधनं उसवल्या आन् म्या हँडलावर छातीवर आदळलो.

म्या ते कातडं काढून आंगनात फेकलं. दाभन फेकलं. कोंबडीला बी लाथ घातली आस्ती, ती पळाली. "काय उपेग न्हाय! कापड हाय का, ताणाय! घेऊन जाऊ दे त्या शेटाला, काढू दे रस!"

आक्का ज्वारी पाखडत हुती. सूप खाली ठिवून तिनं कातडं उचललं, उलटं-सुलटं केलं. मग उठून हुबी ऱ्हायली आन् माझ्या म्होरनं चालत गेली, परत आली.

"काय दिसलं?"

"काय दिसायचं? तू चाललीस."

"लुगडं आंगाबरोबर गुंडाळलं आस्तं तर चालले आस्ते का? पडले आस्ते तोंडावर. लुगड्याला चुन्या आस्त्यात म्हनून बाईला पाऊल टाकता येतं. तुझ्या दांड्याला पाऊल टाकायचंय आन् तू त्येला पोत्यात शिवलंस, येड्या."

मला कुनाचं पटलं की राग येतो, पन ह्या टायमाला आला न्हाय. दाभन हुडकून आनलं. सोंडंचा लांब तुकडा घेतला, दांड्याच्या दुप्पट, आन् आक्कानं बोटानं चुन्या घालून दिल्या, म्या शिवत गेलो. चढवल्यावर ते येड्यावाकड्या विजारीगत दिसायलं. पन बांधावरनं उडी मारली तर चुन्या मिटल्या, उघडल्या. हूं का चूं न्हाय. म्या बांधावरनं उड्या मारतच ऱ्हायलो. आक्का म्हनली, "बास, पेट्रोल काय इहिरीतनं काढताव का?"

यात्रा काल भरली. शर्यत आज सकाळी, उन्हाच्या आधी, पार माळावर. आधी बैलांच्या शर्यती व्हयच्या त्याच माळावर, दोन-तीन सालापास्नं फटफट्या बी पळत्यात. गोल फेरे घ्यायचे, कडंला चुन्याची रेघ. येका आंगाला धोंड्याचं वळन, दुसऱ्या आंगाला कोरडा वगळ, त्यातनं उतरून वर यायचं. आधल्या दिवशी म्या अनवानी पूर्ण फेरा चालून आलो. कुठं मऊ हाय, कुठं खडक हाय ते पायाला कळतं. चाकाचं कातडं वाचवायचं तर आधी पायाचं घालवावं लागतं.

आमी सा-सात जन हुतो. अक्कलकोटाकडचा शिवप्पा हुता. त्येच्या बापाची तेलाची गिरन. त्येनं माझी फटफटी बघितली आन् पोट धरून हासाय लागला.

"काय रे कोंडीराम, गाडी विजार घातलाय की!"

"व्हय. लाज हाय तिला. तुझी उघडीच हिंडती."

मानसं हासली. शिवप्पा बी हासला. तसा मनाचा मोकळा हाय, म्हनून त्येच्यावर चिडता येत न्हाय.

आक्का कडंला हुबी हुती, पदर डोक्यावर. तिच्या शेजारी हणमंतप्पा शेट, छत्री लावून. त्येनं बैलगाडी बी आनली हुती, फटफटी घालून न्ह्यायला. गाडी बघूनच माझं डोस्कं फिरलं. दाजी माझ्या कानाशी आले. "मेव्हण्या, पयला आलास तर फेटा बांधनारेत. माळावर, समद्या लोकांत." त्येंचं नाक थरथरायलं हुतं.

"आन् शॉकप?"

"शॉकपचं बघू. तू पळ."

सरपंचानं उपरनं हालवलं आन् सुटलो.

पयल्या फेऱ्याला म्या मागंच ऱ्हायलो. समदे खडकावरनं गेले, म्या मऊ मातीतनं गेलो. दुसऱ्याला दोघं वगळात पडले, त्येंच्या कडंनं गेलो. तिसऱ्याला बार्शीच्या येकाचं म्होरलं चाक मेंढ्यागत उडायला लागलं, म्या वळकलं, तेल गेलं त्येचं. त्यो बी मागं पडला, बाकीचे बी. माझ्या हाताला दनका न्हाय. हँडल कसं, दह्यात रवी फिरती तसं. आता म्होरं फक्त शिवप्पा. दोनच फेरे ऱ्हायले. धोंड्याच्या वळनावर त्यो भ्येतो, मोठं वळन घेतो, म्या बघून ठिवलं हुतं. तिथं आतल्या आंगानं घुसायचं आन् गेलो म्होरं.

वळन आलं. म्या खाली बघितलं. का बघितलं काय म्हाईत, मला बघायची खोडच हाय.

डाव्या सोंडंची वरची सुतळी तुटली हुती. सोंड खाली घसरल्याली, त्वांड वर उघडं, दांडा नागडा चमकायलेला. आन् शिवप्पाच्या चाकाची समदी धूळ त्या तोंडात चालल्याली. इहिरीत मोट भरती तशी सोंड धुळीनं भरायली हुती. आसंच दोन फेरे पळलो आस्तो तर सोंड नसल्यापरीस वाईट. धूळ वायसरच्या पार बोकांडी बसून कापनार.

शिवप्पा मोठं वळन घ्यायला लागला. आतली जागा उघडी पडली. कडंला दाजी टोपी फेकून नाचायले हुते, "घुस! घुस रं मर्दा!"

म्या ब्रेक दाबला.

कडंला घेतली. चाबकागत समदे, पडून उठल्याले दोघं बी, म्होरनं निघून गेले, माझ्यावर धूळ टाकून. म्या सोंड उलटी करून झाडली, वरल्या सदऱ्यानं दांडा कोरडा पुसला. बांधायला कायच न्हाय. सुतळीचे तुकडे तुकडे झाल्याले. तोंडाचं फडकं बांधलं, त्ये ढिलं पडलं. मग कंबरंला हात गेला. करदोडा. काळा, नवा, पिळाचा. दातानं तोडला, सोंडंच्या तोंडाला तीन येढं दिलं, गच्च गाठ मारली. किक मारली. फेरे पुरे केले.

शेवटून दुसरा आलो. माझ्या मागं फक्त त्यो बार्शीवाला, हातानं ढकलत आनायलेला.

शिवप्पाला फेटा बांधला. वाजाप वाजायलं. दाजी लंगडत माझ्याकडं पळत आले.

"च्या प्यायला थांबला हुतास का रं? बायकू भेटली हुती का वळनावर? हातातला नंबर, हातातला! म्या समद्या गावाला सांगून ठिवलं हुतं!"

"सोंड सुटली हुती!"

"सुटू दे की! दोन फेरे ऱ्हायले हुते, दोन! काय मेली आस्ती का फटफटी दोन फेऱ्यात?"

"मेली आस्ती! तुमाला फेटा पायजे तर बाजारातनं आना आन् बांधा सोताच्या हातानं!"

त्येंनी काठी उचलली. लोक गोळा झाले. आक्का मधनं आली, आमच्याकडं बघितलं बी न्हाय. फटफटीपशी उकिडवी बसली. उजवी सोंड वर केली, पदराचं टोक दांड्यावरनं फिरवलं, बघितलं. डावीची खालची गाठ सोडली, खालनं वर सरकवली, पदर फिरवला, बघितलं. नळीच्या तोंडाभोवती बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला.

"कोरडं हाय," ती म्हनली.

हणमंतप्पा शेट वाकला. "म्हंजे वो, बाई?"

"म्हंजे आन्ना, रस औंदा बी बैलानंच काढा."

शेट काय चिडला न्हाय. त्येनं बी सोंडंला हात लावून बघितला, मान हालवली आन् छत्री मिटून मोकळी गाडी घेऊन गेला. दाजी मातर अजून फेट्यावरच. म्हनले, "फटफटी ऱ्हायली. पन इज्जत गेली ना..." आन् तिथंच थांबले. त्येंची नदर डाव्या सोंडंवर गेली हुती.

"ही गाठ कशाची हाय?"

म्या सदरा खाली वढला.

"कोंड्या, करदोडा हाय का ह्यो?"

आक्का उठली. समद्या लोकांत माझा सदरा वर केला. कंबर उघडी. खाडकन येक ठिवून दिली, गाल अजून तापलाय. मग त्याच हातानं माझा दंड धरला आन् तिचा हात थंडगार.

"आप्पा जित्ते हायेत ना रं आपले?"

आमच्याकडं करदोडा असा कुनी तोडत न्हाय. बाप मेला की पोराचा तोडत्यात, तवाच. मला म्हाईत हुतं. त्या वळनावर बी म्हाईत हुतं. पन तवा मला दांडाच दिसायला हुता.

आप्पा म्हंजे आमचे वडील, भूमच्या पलीकडं ऱ्हात्यात, येकले. म्या सातवीत मास्तराची छडी मोडून मास्तराच्याच टेबलावर ठिवली आन् शाळंतनं आलो, तवा आप्पा म्हनले, "पुन्हा त्वांड दाखवू नगंस." म्या म्हनलं, न्हाय दाखवत. त्याला पुढच्या दिवाळीला दोन सालं व्हतील. त्येंनी बोलावलं न्हाय, म्या गेलो न्हाय. आक्का दर पंचमीला जाती, आल्यावर काय बाय सांगती, म्या उठून भाईर जातो.

काठी खाली टाकली दाजींनी. यात्रंतल्या दुकानातनं सोता नवा करदोडा घेऊन आले. आक्कानं तिथंच माळावर माझ्या कंबरंला बांधला, गाठीवर गाठ, पुटपुटत. बांधता बांधता रडली. मग डोळे पुसून म्हनली, "आत्ताच्या आत्ता निघायचं. फटफटी घे आन् आप्पाला डोळ्यानं बघून ये. पाया पड. ते काय बोलतील ते गप ऐकून घे. तुला गप बसता येत न्हाय म्हाईत हाय मला, तरी बस."

"आक्का, म्या लोकाच्या हातनं सांगावा धाडतो."

"सांगावा म्या शेटाला धाडला हुता. बापाला धाडायचा नस्तो."

मग दुपार धरून घरी आलाव. म्या डाव्या सोंडंला नवी सुतळी बांधली, दोन पदरी, आन् त्यो तुटका करदोडा आक्कानं इहिरीत सोडून दिला. दाजींनी कुनाच्या तरी जीपमधनं पेट्रोल मागून आनलं, गाळून टाकीत वतलं. नुसतं टाकीवरनं हात फिरवला आन् म्हनले, "बार्शीच्या म्होरं रस्ता खराब हाय. सावकास." फेट्याचं नाव काढलं न्हाय.

मला शर्यतीत भ्या वाटलं न्हाय. आता वाटायलंय. आप्पा बरे आसतील. बरेच आसतील, त्येंना काय व्हतंय. आंगनात बसून इळ्याला धार लावत आसतील, माझा आवाज ऐकून वर बघनार न्हाईत. फटफटीचा आवाज ऐकून मातर बघतील, त्या रस्त्याला फटफटी कुठं येती? मग काय म्हनायचं? पाया पडतो म्हनायचं? का आधी पडायचं आन् मग म्हनायचं? करदोड्याचं सांगायचं का न्हाय? दांडा नागडा पडला हुता म्हनलं तर त्येंना काय कळनार, आन् न्हाय सांगितलं तर...

आक्का दारात हुबी हाय, भाकरी बांधून. ऊन कललंय. मला आता निघायला पायजे.